तात्या आला, पण लक्ष्या कुठाय?

शेवटचं सबमिशन संपलं त्या रात्री आमच्या विंगने एकमताने ठराव पास केला. 'झपाटलेला' आणि 'झपाटलेला २' एकाच बैठकीत बघायचे! एक लॅपटॉप, कोणाचे तरी स्पीकर्स, बारा पोरं आणि घरून आलेला चिवडा. "पहिला तर पाठ आहे रे, डायरेक्ट दुसराच लाव," असं दोघं-तिघं म्हणाले. लोकशाही असल्यामुळे त्यांना गप्प बसवण्यात आलं.

पहिला भाग १९९३ चा. तेव्हा आमच्यातला एकही जन्मलेला नव्हता. पुढे काय होणार ते सगळ्यांना माहीत, तरी तो बाहुला हलायला लागला तशी खोली शांत झाली. दुसरा भाग २०१३ चा, थिएटरमध्ये तो थ्रीडीत आला होता. तंत्र सुधारलेलं, दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू आहे, महेश कोठारेंचा इन्स्पेक्टरही आहे. पण अर्ध्या तासात निम्म्या पोरांच्या हातात मोबाईल! निकाल असा लागला: पाच जणांना आवडला, चार जण "ठीक आहे" म्हणाले आणि तिघे झोपले.

मग पहाटेपर्यंत भांडण. एक पार्टी म्हणाली, "सिक्वेलवर अन्याय होतो. आपण त्याच्याकडे पिक्चर मागतच नाही, आपलं बालपण मागतो." दुसरी म्हणाली, "लक्ष्याच नाही तर काय बघायचं?" लक्ष्मीकांत बेर्डे २००४ मध्येच गेले. दुसऱ्या भागात लक्ष्याचा मुलगा हिरो आहे. आदिनाथ कोठारेने काम मनापासून केलंय, पण रिकामी जागा दिसायची ती दिसतेच.

मला दोन्ही पार्ट्यांचं थोडं थोडं पटतं. पण खरं कारण वेगळं आहे असं वाटतं. पहिल्या भागात भीती बाहुल्याची नाहीच मुळी. साधाभोळा लक्ष्या जीव तोडून सांगतोय की बाहुला जिवंत आहे, आणि कोणी विश्वास ठेवत नाही, भीती त्याची आहे. आपण हसतो, पण आतून टरकतो. दुसऱ्या भागापर्यंत तात्या विंचू अख्ख्या महाराष्ट्राच्या ओळखीचा झालेला. त्याला बघून लोक टाळ्या वाजवणार, घाबरणार कसे? म्हणून सिक्वेलवाले बाहुला मोठा करतात, आवाज वाढवतात, थ्रीडी आणतात. पण एकटं पडायची भीती कुठल्याही चष्म्यातून दिसत नाही, राव!

हे लिहायचं कारण फक्त पिक्चर नाही. फर्स्ट इयरला माझा एक रूम पार्टनर सांगायचा, "रात्री झोप लागत नाही, छातीत धडधडतं, कसली तरी भीती वाटते." आम्ही काय केलं? त्याचं नाव 'झपाटलेला' ठेवलं. रात्री त्याच्या दारावर थापा मारल्या. खूप हसलो. दिवाळीला तो घरी गेला तो परत आलाच नाही, वर्ष ड्रॉप घेतलं. त्या रात्री दुसरा भाग चालू असताना मला मधेच तो आठवला आणि पुढचं फारसं काही दिसलं नाही.

तेव्हा मित्रांनो, सिक्वेलकडून अपेक्षा जरा बेतानेच ठेवा. पहिली भीती परत मिळत नाही, त्यात डायरेक्टरची फारशी चूक नाही. पण नवीन बॅच आली आहे. त्यातला कोणीतरी एक दिवस तुमच्या खोलीत येऊन म्हणेल, "मला भीती वाटते." आपला पहिला भाग फ्लॉप गेला. दुसऱ्यात निदान त्याला बसायला सांगा, चहा पाजा आणि ऐकून घ्या. वाटलं तर रेक्टर सरांना उठवा. ओरडतील थोडं, पण येतील.

आणि हो, ज्याने त्या रात्री स्पीकर्स नेले, त्याने ते परत आणून द्यावेत!