बोली ऐकली, कोपरा पाहिला का?

प्रो कबड्डीचा लिलाव संपतो न संपतो, तोच चेलाडी फाट्यापासून वेल्ह्यापर्यंत आणि कापूरहोळपासून भोरच्या एसटी स्टँडपर्यंत निकाल लागलेले असतात. पुणेरी पलटण यंदा बुडाली. दोन कोटी पाण्यात गेले. मालकाला कबड्डीतलं ओ की ठो कळत नाही. संघ अजून एकत्र जमलेला नसतो, सराव सुरू व्हायला वेळ असतो, नव्या खेळाडूने पुण्यात पाऊलही टाकलेलं नसतं. पण चहाच्या दुसऱ्या घोटाला हंगामाचं पंचांग तयार असतं.

या निकालांना हसणारा एक वर्ग आहे, आधी त्याचा समाचार घेऊ. या मंडळींचं म्हणणं असं की, संघ बांधणं हे जाणकारांचं काम. प्रशिक्षक, विश्लेषक, संगणकावरचे आकडे हे सगळं त्यांच्याकडे असतं. टपरीवरच्या माणसाने तिकीट काढावं, टाळ्या वाजवाव्यात आणि घरी जावं. हे म्हणणं पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित खोलीत शोभेल. भोर-वेल्ह्यात शोभत नाही, कारण इथला प्रेक्षक निव्वळ प्रेक्षक नसतो. गावच्या जत्रेच्या स्पर्धेत त्याने गुडघे फोडून घेतलेले असतात. चढाईपटूची टाच कशी उचलली जाते यावरून तो बोनसला जाणार की हात मारणार, हे तो बसल्या जागी सांगतो. हा खेळ पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ टोकाला कुणी शिकवावा लागत नाही. तेव्हा याने बोलू नये, हा आग्रह मोडीत काढायलाच हवा. ज्या दिवशी तो बोलायचा थांबेल, त्या दिवशी बालेवाडीच्या स्टेडियममधल्या खुर्च्याही रिकाम्या पडतील.

माझं भांडण त्याच्या बोलण्याशी नाहीच. तो कोणत्या मापाने मोजतो, याच्याशी आहे.

पहिलं खोटं माप म्हणजे पैसा. जास्त बोली लागली तो खेळाडू भारी, आणि भारी खेळाडू ज्याच्याकडे तो संघ भारी, हा हिशेब इतका सोपा आहे की तो बरोबर असावासा वाटतो. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याची जशी परीक्षा झाली, तशी प्रयोगशाळेतही होणार नाही. 7 तारखेला हाङचौच्या आशियाई स्पर्धेत भारत-इराण अंतिम सामना झाला. शेवटच्या मिनिटांत पवन सेहरावतच्या एका चढाईवरून वाद पेटला, खेळ बराच वेळ थांबला आणि अखेर भारत 33-29 जिंकला. दोनच दिवसांनी मुंबईत लिलाव. तेलुगू टायटन्सने त्याच पवनला 2 कोटी 60 लाख 50 हजारांना घेतलं. आणि पुणेरी पलटणने हरलेल्या इराणी संघातल्या मोहम्मदरेझा शादलोईवर 2 कोटी 35 लाख लावले. परदेशी खेळाडूसाठी तोवर एवढी रक्कम कुणी मोजली नव्हती. म्हणजे त्या हंगामातले सर्वांत महागडे दोघे दोन संघांत गेले. पुढे काय झालं? टायटन्स 22 पैकी 2 सामने जिंकून तळाला राहिले. पलटणने 1 मार्च 2024 रोजी, टायटन्सच्याच हैदराबादमध्ये, हरियाणा स्टीलर्सला 28-25 हरवून पहिलं विजेतेपद घेतलं.

पवन वाईट खेळला का? मुळीच नाही. त्याचे चढाईचे गुण दोनशेच्या घरात होते. तो गुण आणत राहिला आणि मागे उरलेले सहा जण ते घालवत राहिले. कबड्डीत चढाईपटू बाद झाला की बाहेर जाऊन बसतो. त्याला परत आत आणायचं तर उरलेल्यांनी चढाईत किंवा पकडीत समोरचा गडी बाद करावा लागतो. तेच होत नसेल तर अडीच कोटींचा माणूस बाकावर बसून सामना बघतो. हे गणित भोरच्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. तरी बोलीचा आकडा पडद्यावर चमकला की पाठ केलेलं विसरायला होतं.

मराठी माणसाला हाच धडा चार वर्षं आधी एकदा मिळाला होता. कोल्हापूरकडच्या चंदगडचा सिद्धार्थ देसाई 2018 मध्ये यू मुंबाने 36 लाख 40 हजारांना घेतला आणि त्याने पहिल्याच हंगामात धुमाकूळ घातला. पुढच्या वर्षी तो 1 कोटी 45 लाखांना तेलुगू टायटन्सकडे गेला. मुंबाच्या नावाने खडे फोडणारे कमी नव्हते: घरचं रत्न घालवलं म्हणून. देसाई तिकडेही खेळला, चांगला खेळला. पण टायटन्स तळाजवळच घुटमळले, आणि रत्न घालवलेली मुंबा उपांत्य फेरीपर्यंत गेली.

इथे लगेच कुणीतरी म्हणेल, मग महाग खेळाडू घेऊच नयेत का? हे उलट टोकाचं शहाणपण, आणि तेही तितकंच पोकळ. शादलोई महागच होता आणि त्याने पै अन् पै वसूल करून दिली. त्या हंगामात त्याचे पकडीचे गुण 99, सर्वोत्तम बचावपटू तोच. फरक कुठे पडला ते बघा. 2022 च्या हंगामासाठी पलटणने फजल अत्राचलीला 1 कोटी 38 लाखांना आणलं होतं. फजल बचावातल्या डाव्या कोपऱ्याचा राजा. त्या वर्षी पलटण अंतिम सामन्यात पोचली आणि जयपूरकडून 33-29 हरली. मग फजलला सोडलं, म्हणजे डावा कोपरा रिकामा झाला, आणि शादलोई खेळतो तो डाव्या कोपऱ्यातच. बाकी घर लागलेलं होतं. अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते ही पोरं एकमेकांच्या हाताला हात लावून दोन-तीन हंगाम खेळलेली, वर बी. सी. रमेश यांच्यासारखा प्रशिक्षक. त्या घरात फक्त एक खोली रिकामी होती आणि तिथे माणूस आला. टायटन्सने मात्र घर पडकं असताना महागडं झुंबर आणून टांगलं.

आता सर्वांत अवघड आक्षेप घेतो, कारण तो टाळला तर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. विजेतेपदानंतर, ऑगस्ट 2024 च्या लिलावाआधी पलटणने शादलोईलाही सोडलं. तो 2 कोटी 7 लाखांना हरियाणाकडे गेला. त्याच हंगामात पलटण बाद फेरीही गाठू शकली नाही, आणि 29 डिसेंबरला चषक उचलला तो हरियाणाने. तोही बालेवाडीत, पुणेकरांच्या डोळ्यांदेखत, पाटण्याला 32-23 हरवून. यापेक्षा मोठं तोंडावर पडणं ते काय असणार? ‘आम्ही तेव्हाच सांगितलं होतं’ म्हणणाऱ्यांच्या हाती याहून धारदार हत्यार येणार नाही.

हत्यार धारदार आहे, हे कबूल. तरी ते दोन ठिकाणी बोथट होतं. एक म्हणजे पैशाची मर्यादा. 2023 ला प्रत्येक संघाची थैली 5 कोटींची होती. त्यातले 2 कोटी 35 लाख, म्हणजे निम्म्याला थोडेच कमी, एका माणसावर गेले होते. हे एकदा परवडतं, कारण बाकीची पोरं तेव्हा स्वस्तात होती. ती विजेती झाली की त्यांचीही किंमत वाढते, आणि वाढायलाच हवी. त्याच थैलीतून सगळ्यांना पोटभर वाढता येत नाही. दुसरं म्हणजे 2024 च्या हंगामात कर्णधार अस्लम दुखापतीने मध्येच बाहेर गेला. आदल्या हंगामात स्पर्धेतला सर्वांत मौल्यवान ठरलेला खेळाडू तोच होता. एकाच वेळी डावा कोपरा आणि चढाईचा कणा दोन्ही गेले, तर दोष फक्त लिलावाच्या माथी मारणं म्हणजे आंधळा न्याय. याचा ताळा पुढच्या वर्षीच मिळतो. 2025 मध्ये शादलोईशिवाय, अस्लम परतल्यावर, हीच पलटण साखळीत अव्वल राहिली आणि 31 ऑक्टोबरला दिल्लीत अंतिम सामना खेळली. हरली, पण 31-28, तीन गुणांनी.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्येही हेच चालतं, फक्त आकडे ऐकून घेरी येते. डिसेंबर 2024 मध्ये न्यूयॉर्क मेट्स या संघाने हुआन सोटोशी 15 वर्षांचा 76.5 कोटी डॉलरचा करार केला आणि शहरात दिवाळी झाली. 2025 ला मेट्स बाद फेरीच्या बाहेर राहिले. ज्या यँकीज संघाने त्याला गमावलं तो मात्र आत गेला. अर्थात प्रेक्षक नेहमीच चुकतो असंही नाही. बोस्टनने 1919 च्या अखेरीस बेब रूथला यँकीजना विकलं, तेव्हा हळहळलेले लोक बरोबर ठरले: 1918 नंतरचं विजेतेपद बोस्टनला 2004 ला मिळालं. तिथे रिकाम्या जागेचा विचारच नव्हता, मालकाला रोकड हवी होती. असा व्यवहार दिसला तर टपरीवरच नव्हे, मालकाच्या दारात जाऊन ओरडावं.

आणखी एक ओरड आपल्याकडे दरवर्षी ऐकू येते: संघ पुण्याचा, मग यात पुण्याची पोरं किती? ही ओरड मला हसण्यावारी न्यावीशी वाटत नाही. पण ती चुकीच्या दारावर केली जाते. लिलावात जो येतो तो तयार माल. पंकज मोहिते मुंबईचा, अस्लम नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरकडचा. असे खेळाडू लहानपणीच हेरावे लागतात आणि दोन-चार वर्षं सांभाळावे लागतात. मागायचं असेल तर ते मागावं. वेल्ह्याचा किंवा भोरचा सतरा वर्षांचा पोरगा कुणी बघायला येतं का, त्याला मॅटवर सराव मिळतो का, मातीवर शिकलेला पाय मॅटवर घसरतो तेव्हा त्याला सावरायला कुणी असतं का? इराण्याला दोन कोटी दिले म्हणून आपला पोरगा मागे राहिला, हा हिशेब जुळत नाही. तो मागे राहिला, कारण त्याच्या वयाच्या सतराव्या वर्षी कुणी आलंच नाही.

आणि खरी गंमत म्हणजे योग्य माप याच माणसाजवळ असतं. जत्रेच्या आधीची गावातली बैठक आठवा. पोरं कुणी शिरवळच्या कंपनीत, कुणी मार्केट यार्डात, कुणी मुंबईला. कोण येणार, कोण नाही, याची यादी होते. कुणीतरी म्हणतो, शेजारच्या तालुक्यातला अमका चढाईपटू आणू, पाच हजार देऊ. लगेच कोपऱ्यातून एखादा जुना खेळाडू विचारतो: “चढाईला आपल्याकडं तिघं हायती की! उजव्या कोपऱ्याला कोण उभा राहणार, ते बोला.” मग दुसरा सांगतो की, अमक्याचा आणि तमक्याचा हात जुळतो, त्यांना साखळीत एकत्र ठेवा. तिसरा आधार कार्डाची आठवण करून देतो, कारण बाहेरचा खेळाडू निघाला तर पंच सामनाच काढून घेतात. दहा मिनिटांत पाच हजारांचा विषय बारगळतो. कुठली जागा रिकामी आहे, कोण कुणाच्या शेजारी टिकतो, कुणासाठी कुणाला मुकावं लागेल: संघबांधणीत यापलीकडे फारसं काही नसतं. गावच्या सातांसाठी हे विचारणारा माणूस प्रो कबड्डीच्या लिलावापुढे बसला की फक्त आकडे मोजतो, आणि त्याला अडाणी म्हणणारे जाणकारही त्याच्याशी आकड्यांतच बोलतात.

याच मापाने शेवटचं एक प्रकरण तपासतो. 2025 च्या अंतिम सामन्यात पलटणला हरवणाऱ्या दबंग दिल्लीच्या डाव्या कोपऱ्यात कोण होता? तोच फजल अत्राचली, दोन वर्षांपूर्वी पलटणने सोडलेला. त्या रात्री भोरपासून बालेवाडीपर्यंत पुन्हा तेच: फजलला सोडलं ही घोडचूक. मी म्हणतो, नव्हती. 2023 ला फजलच्या जागी आलेल्या माणसाने त्याच हंगामात चषक आणून दिला. यापेक्षा चांगला मोबदला कोणत्या सोडचिठ्ठीचा मिळतो? पलटणला जाब विचारायचाच असेल, तर तो 2023 चा नाही, 2024 चा विचारा. शादलोई गेल्यानंतर डाव्या कोपऱ्यासाठी ठरवून कोण हेरला होता, आणि तो हेरायला किती आधी सुरुवात केली होती?