घोड्याला अलगीकरण, गाईला नुसती बंदी!

उचगाव



आपल्यापैकी कोणाच्या दावणीला शर्यतीचा घोडा नाही. तरीही पुण्याकडच्या घोडेपैदाशीच्या फार्मवर रोग कसा अडवतात, हे आपण समजून घेतले पाहिजे. गर्भ पाडणारा हर्पीस विषाणू एका घोडीत दिसला, की तिला लगेच वेगळे बांधतात. बाकीच्या गाभण घोड्या लहान लहान गटांत ठेवतात. पडलेला गर्भ तपासणीला जातो. आजारी जनावराचा मोतद्दार निराळा, बादली निराळी. बाहेरून आलेला घोडा काही आठवडे वेगळा राहिल्याशिवाय कळपात जात नाही. यात जादू नाही. जादा तबेला, जादा माणूस आणि वेळेवर डॉक्टर, एवढेच लागते.

आता आपला गोठा पाहा. ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यात लम्पी दिसला आणि बघता बघता राज्यभर पसरला. सरकारने गुरांचे बाजार, वाहतूक, शर्यती बंद केल्या. अलगीकरण मात्र शेतकऱ्याच्या माथी मारले. लस फुकट दिली हे खरे. पण ती शेळ्यांच्या देवीची, तीही साथ दारात आल्यावर. मेलेल्या गाईला ३०,००० आणि बैलाला २५,००० रुपये. त्या पैशांत चांगली दुभती गाय येते का, हे साहेबांनी बाजारात येऊन पाहावे.

खास लम्पीवरची लस शोधली कोणी? हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने, इज्जतनगरच्या पशुवैद्यक संस्थेबरोबर! ती ऑगस्ट २०२२ मध्येच जाहीर झाली; बाजारात आणण्याचा परवाना मिळायला २०२५ उजाडले.

शेतकरी अडाणी, म्हणून रोग पसरतो, असे सांगितले जाते. आम्ही विचारतो, दुधाच्या दरातून पेंडीचा खर्च निघत नसेल, तर दुसरा गोठा कशातून बांधायचा? घोडेवाल्याला अलगीकरण परवडते, आपल्याला परवडत नाही. हा अकलेचा नव्हे, दराचा प्रश्न आहे.

आपलीही चूक कबूल करू. गाठी आलेले जनावर आपण लपवले. माश्या, डास, गोचिडांनी रोग शेजारच्या गोठ्यात नेला. यापुढे विकत आणलेले जनावर २८ दिवस वेगळे बांधू, गाठ दिसताच दवाखान्यात कळवू.

आणि सरकारकडून वसूल करू : गावोगावी आजारी जनावरांसाठी वेगळा गोठा, पावसाळ्याआधी लस, बाजारभावाने भरपाई.

घोड्याचा नियम गाईला लावा, पण खर्चासकट!