परक्या भिंतीवर आपला फलक किती दिवस?

शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे डिसेंबर २०१७ मध्ये गोविंद गोपाळ यांच्या समाधीजवळच्या फलकावरून वाद पेटला. पाठोपाठ १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव भीमा येथे अभिवादनाला निघालेल्या भीमसैनिकांवर हल्ले झाले. एका फलकाची एवढी भीती का? कारण बहुजन आपला इतिहास स्वतः लिहू लागला की प्रस्थापितांची मक्तेदारी मोडते.

पण आज आपला तरुण फलक लावतो कुठे? फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूबवर. दर १ जानेवारीला विजयस्तंभाची छायाचित्रे, भाषणे, भीमगीते तिथेच चढतात. ती भिंत आपली नाही. कंपनीच्या मनात आले की खाते बंद होते. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झाले, गुगल प्लस २०१९ मध्ये. तिथे मांडलेले विचारही त्यांच्याबरोबर गेले.

बाबासाहेबांनी हा धोका शंभर वर्षांपूर्वी ओळखला होता. १९२० साली ‘मूकनायक’ची जाहिरात ‘केसरी’ने पैसे देऊनही छापली नाही. बाबासाहेब ‘केसरी’च्या दारात ताटकळत बसले नाहीत. त्यांनी ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’ ही पत्रे काढली, स्वतःचा भारत भूषण छापखाना उभा केला. आजचा छापखाना म्हणजे स्वतःची वेबसाईट. ‘राउंड टेबल इंडिया’सारख्या आंबेडकरी संकेतस्थळांनी ते करून दाखवले आहे.

यात कायद्याची बाजूही आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते. व्हॉट्सअॅपवर दहा हातांतून फिरलेला व्हिडिओ मुळात कोणी, कधी, कुठे काढला हे सांगणार कोण? नुसते वेबसाईटवर टाकून पुरावा सिद्ध होत नाही, हे खरे. पण मूळ फाईल जपायची, तारीख आणि ठिकाण नोंदवायचे, ही शिस्त त्यातून लागते.

काही जण म्हणतील, सरकार माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली वेबसाईटही बंद करू शकते. करू शकते. परंतु सगळा मजकूर आपल्या संगणकावर असेल, तर तो दुसऱ्या पत्त्यावर पुन्हा उभा राहतो. कंपनीच्या भिंतीवरून पुसलेले मात्र परत येईलच असे नाही. फेसबुक सोडा असे कोणी म्हणत नाही. ते हँडबिलासारखे वापरा, मूळ दप्तर घरी ठेवा.

शिरूर-दौंडच्या प्रत्येक बुद्धविहाराने एक साधी वेबसाईट काढावी. विजयस्तंभाला पायी जाणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी, महार वतनाच्या जमिनींची कागदपत्रे, गावातील लढ्यांच्या तारखा त्यावर याव्यात. साधी पाने बनवायला आपली शिकलेली मुले-मुली पुरेशी आहेत. मात्र वेबसाईटच्या नावाची नोंदणी एखाद्या हुशार पोराच्या नावावर नको, विहार समितीच्या नावावर करा आणि तिचे वार्षिक शुल्क वर्गणीत धरा.

जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत जेवढे उडते, त्याच्या लहानशा हिश्श्यात हे होईल. मग आपला इतिहास परक्याच्या मर्जीवर का सोडायचा? जयभीम!