भिंतीवरची बंदूक आणि कायद्याची नळी

आपल्याकडे जुन्या वाड्यांचे, देशमुखी-इनामदारी घरांचे विषय निघाले की पोथ्या, पितळी समया आणि पैठण्यांबरोबर हटकून निघणारी एक वस्तू म्हणजे दिवाणखान्याच्या भिंतीवरची बंदूक. कुणाकडे तोड्याची, कुणाकडे ठासणीची, तर कुणाकडे आजोबांची बारा बोअरची दुनळी. वाटण्या होतात, वाडा पाडून इमारत उभी राहते, आणि मग प्रश्न येतो की या बंदुकीचे करायचे काय? ‘विहिरीत टाका आणि मोकळे व्हा’ असा सल्ला देणारे महाभाग मला भेटले आहेत. ‘शंभर वर्षांची आहे, तिला कसला आलाय परवाना!’ असे छातीठोकपणे सांगणारेही भेटले आहेत. दोन्ही सल्ले सारखेच घातक आहेत.

आपला शस्त्र कायदा १९५९ चा. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याच्याआधी होता तो लॉर्ड लिटनच्या काळातला १८७८ चा कायदा. प्रजेच्या हाती शस्त्र म्हणजे राज्याला धोका, ही त्यातली भावना स्वातंत्र्यानंतर बरीच सौम्य झाली. पण शस्त्र हा हक्क नसून सरकारने दिलेली मुभा आहे, हे सूत्र कायम राहिले. मला ते योग्यच वाटते.

जुन्या शस्त्रांसाठी या कायद्यात कलम ४५ चा (क) हा पोटभाग महत्त्वाचा आहे. कालबाह्य धाटणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या शस्त्राला कायदा लागू नाही, असे तो म्हणतो. इथेच बहुतेक लोक वाचन थांबवतात. पुढची अट अशी की, ते शस्त्र दुरुस्तीशिवाय वा दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून वापरता येण्याजोगे नसावे. ‘दुरुस्ती करूनही’ या दोन शब्दांत सगळी मेख आहे. नळी गंजली आहे, घोडा निखळला आहे, बत्तीचे छिद्र बुजले आहे, एवढ्याने भागत नाही. गावातल्या कारागिराने दोन दिवसांत ते छिद्र मोकळे करून दिले तर ती पुन्हा बंदूकच. म्हणजे कायदा वय विचारत नाही. ती उडते का, किंवा उडवता येईल का, एवढेच विचारतो.

ठासणीच्या बंदुकीचे उदाहरण पाहा. नळीच्या तोंडातून दारू नि छर्रे गजाने ठासायचे, ही पद्धत शेकडो वर्षांची. कुणीही तिला कालबाह्य म्हणेल. पण त्याच कायद्याचे कलम १३ पिकांच्या राखणीसाठी याच ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद करते. रानडुकरांनी शेत उद्ध्वस्त केलेल्या शेतकऱ्याला ती जुनीपुराणी मुळीच वाटत नाही. तेव्हा धाटणी जुनी असणे आणि वस्तू निरुपयोगी असणे यांत गल्लत करू नये.

मग निर्णय कोणी करायचा? घरमालकाने नव्हे, हे नक्की. परवाना देणारा अधिकारी म्हणजे जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी, पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत आयुक्त. प्रकरण कोर्टात गेलेच तर शस्त्रतज्ज्ञाचा अहवाल बोलतो. तिथवर जाण्याआधी लेखी अर्ज करून विचारणे केव्हाही स्वस्त. कारण २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगण्याची किमान शिक्षाच दोन वर्षांची झाली आहे आणि ती पाच वर्षांपर्यंत जाऊ शकते.

याच दुरुस्तीने संग्राहकांची झोप उडवली. पूर्वी एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत. मूळ विधेयकात ही संख्या एकावर आणली होती. विरोध झाल्यावर ती दोन झाली. तिसरी एका वर्षाच्या आत पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची होती. ती मुदत डिसेंबर २०२० मध्ये संपली. वारसाहक्काने येणाऱ्या बंदुकांनाही दोनचीच मर्यादा आहे. या मर्यादेतून सवलत आहे ती विक्रेत्यांना आणि रायफल क्लबच्या सदस्यांना. छंद म्हणून जुनी शस्त्रे जमवणाऱ्याचे नाव त्या यादीत नाही. ज्याला काडतूसही नको आहे, त्याला आपला कायदा ओळखतच नव्हता म्हणा ना!

थोडी दाद लागली ती फेब्रुवारी २०२० मध्ये. नियमांत बदल करून केंद्राने ‘क्युरिओ’ वर्गातील काही लहान शस्त्रे मिळवायला व बाळगायला भारतीय नागरिकाला परवान्याची गरज नाही, असे ठरवले. मात्र ती वापरायची, बरोबर न्यायची वा एका गावाहून दुसऱ्या गावी हलवायची तर परवाना हवाच. आणि परवान्यावर नोंद असल्याखेरीज तिच्यासाठी दारूगोळा विकत मिळणार नाही. म्हणजे भिंतीवर असू द्या, खांद्यावर नको. शहरात नव्या घरी राहायला जाताना टेम्पोत सामानाबरोबर ती चढवणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

अमेरिकेत हे वेगळ्या रीतीने सोडवले आहे. १८९८ पर्यंत बनलेले शस्त्र तिथला संघीय कायदा बंदूकच मानत नाही, आणि पन्नास वर्षांहून जुन्या शस्त्रांच्या संग्राहकासाठी तीस डॉलरचा, तीन वर्षांचा स्वतंत्र परवाना आहे. घेतल्या-दिल्याची वही मात्र ठेवावी लागते, आणि त्यावर धंदा करता येत नाही. राज्यांचे कायदे पुन्हा निराळे. ब्रिटनला उलटा अनुभव आला. जुनी रिव्हॉल्वरे शोभेची म्हणून घ्यायची आणि गुन्ह्यांत वापरायची, असे प्रकार वाढल्यावर २०२१ मध्ये तिथे ‘पुराण शस्त्र’ कशाला म्हणायचे याची व्याख्याच कायद्याने बांधली; १ सप्टेंबर १९३९ नंतर बनलेले शस्त्र त्यातून वगळले. तेव्हा आपले सरकार उगाच संशयी आहे, असेही म्हणता येत नाही.

ज्यांच्या घरी अशी वस्तू आहे, त्यांनी आधी आजोबांचा परवाना शोधावा. परवानाधारक वारला असेल तर बंदूक विनाविलंब ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करून वारसाने अर्ज करावा. धारकाने सत्तरी गाठली असेल, किंवा बंदूक पंचवीस वर्षे बाळगली असेल, तर हयातीतच ती वारसाच्या नावे करता येते. २०१६ च्या नियमांत तशी सोय आहे, आणि फार थोड्यांना ती ठाऊक असते. शंभर वर्षांवरील वस्तू १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याखाली येते. परदेशातल्या मुलाकडे ती परस्पर पाठवता येणार नाही. आणि घरात कुणालाच नको असेल, तर पुण्याच्या केळकर संग्रहालयासारखी ठिकाणे आहेत, त्यांना विचारावे. पत्र मात्र ती हलवण्याआधी लिहावे.