अठराव्या वर्षी संपणारी जबाबदारी

१९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. साने गुरुजी त्यासाठी खानदेशात गावोगाव हिंडले; नंदलाल बोस यांनी बांबूच्या साहाय्याने आणि खेड्यातील कारागिरांच्या हातून अधिवेशनाचे नगर उभे केले. या अधिवेशनाने स्वीकारलेल्या शेतीविषयक कार्यक्रमात खंड व कर्ज यांच्या जोडीने शेतमजुराच्या निर्वाहवेतनाचाही विचार होता. पुढे १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. समाजवादी चळवळीला या दोन्ही गोष्टींचा अभिमान आहे, आणि तो रास्त आहे. परंतु दोन्हीकडे 'मजूर' म्हणून जो माणूस डोळ्यांपुढे होता तो धडधाकट होता. हमीच्या कामावर मजुरी मिळे ती खोदलेल्या मातीच्या मापाने. ज्याचा हात चालत नाही किंवा ज्याला माप उमगत नाही, त्याचा कामाचा हक्क त्या मापातच बुडाला.

अपंग मुलामुलींची गाठ या प्रश्नाशी पडते ती शाळा सुटल्यावर. २०१६ च्या कायद्याने किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ या वयात मोफत शिक्षणाचा हक्क दिला, अपंगत्वाचे ७ ऐवजी २१ प्रकार मानले आणि सरकारी नोकरीतील राखीव जागा ३ वरून ४ टक्क्यांवर नेल्या. 'अपंग' जाऊन 'दिव्यांग' आला. २०२२ च्या डिसेंबरात महाराष्ट्राने स्वतंत्र खातेही काढले. (नामांतराला खर्च येत नाही, हे त्याचे एक सुख.) खासगी मालकाशी बोलताना मात्र हाच कायदा एकदम मवाळ होतो. ज्याच्याकडे ५ टक्के अपंग कामगार असतील त्याला सरकारने आपल्या आर्थिक कुवतीप्रमाणे उत्तेजन द्यावे, एवढेच तो सुचवितो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार अपंगांची नोंद झाली. यांतील किती जण सरकारी नोकरीच्या दारातून आत जातील हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

जळगावात दीपस्तंभ फाउंडेशनचा 'मनोबल' हा निवासी प्रकल्प अंध व अस्थिव्यंग तरुणांना स्पर्धा परीक्षांसाठी तयार करतो. काम मोलाचे आहे. तथापि परीक्षेची शिडी ज्याला चढताच येत नाही, त्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाचे काय? त्याला शाळेत मेणबत्त्या, पणत्या, कागदी पाकिटे करावयास शिकवितात. दिवाळीत त्या वस्तू खपतात, पण त्या दयेपोटी. आणि दयेची बाजारपेठ वर्षातून पंधरा दिवस भरते. फैजपूरनंतर वर्षभरातच, १९३७ मध्ये, वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी उत्पादक श्रमातून शिक्षणाची कल्पना मांडली. तिथला उद्योग गावाच्या गरजेचा असावा, अशी अट होती. आपण उद्योग ठेवला आणि गरज विसरलो.

यावल-रावेर पट्ट्याची गरज केळीची आहे. ठिबकच्या नळ्या जोडणे, रोपांच्या पिशव्या भरणे, घडाला पिशवी घालणे, फण्या सुट्या करून धुणे, वजन करून खोक्यात रचणे, या साखळीत न बदलणारी, ठरलेल्या क्रमाने करावयाची कामे कितीतरी आहेत. नेमकी अशीच कामे पुष्कळ बौद्धिक अपंग तरुण चिकाटीने व बिनचूक करतात. मात्र एक पायरी सुटी करून, शेजारी माणूस बसवून, महिनोन्‌महिने शिकवावी लागते. हे शिक्षण चौदाव्या वर्षी, प्रत्यक्ष पॅकिंगच्या शेडमध्ये सुरू व्हावयास हवे. सतराव्या वर्षी शाळेच्या वर्गात नव्हे. त्याबरोबरच पैसे मोजणे, एस. टी. ने एकट्याने सावद्याला जाऊन येणे, नको असलेल्या स्पर्शाला ठामपणे 'नको' म्हणणे, हाही अभ्यासक्रमच आहे. मुलींच्या बाबतीत तर तो प्रथम आहे, कारण त्यांना घरात कोंडण्याचे कारण म्हणून हीच भीती पुढे केली जाते.

पैसा कोठून आणावयाचा, असे लगेच विचारले जाईल. स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करावी, असा शासनाचा आदेश आहे. ती रक्कम मार्च अखेरीस एकरकमी वाटून टाकणे सोपे असते. हिशेब जुळतो, छायाचित्रही निघते. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान आवश्यकच आहे, आणि ते वाढलेच पाहिजे. परंतु अनुदानाने पोट भरते, दिवस भरत नाही. आज तो दिवस आई भरून काढते आणि त्यासाठी आपली मजुरी बुडविते. हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही म्हणून तो फुकट ठरतो.

मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने आईवडिलांचे पालकत्वही संपते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे बौद्धिक अपंगत्व, मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता व बहुविकलांगता असलेल्यांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून पालक नेमून घेता येतो. हे किती कुटुंबांना कोणी सांगितले आहे? 'आपल्यामागे याचे कोण?' हा प्रश्न आईच्या उशाशी असतो, आणि तिला मिळणारे उत्तर बहुधा एखाद्या भावजयीचा उदारपणा हेच असते.

फैजपूर नगरपरिषदेच्या आणि भोवतालच्या ग्रामपंचायतींच्या अंदाजपत्रकापूर्वी शाखांनी तीन कामे हाती घ्यावीत. चौदा वर्षांवरील अपंग मुलामुलींची घरोघर जाऊन यादी करणे; ५ टक्क्यांचा मागील तीन वर्षांचा हिशेब माहितीच्या अधिकारात मागणे; आणि केळी उत्पादक संस्थांपैकी निदान एकीकडून किमान वेतनावर, शिकविणाऱ्यासह, पाच जागा लेखी कबूल करून घेणे. वाटाघाटीला मुलांच्या आयांना बरोबर न्यावे. आकडे त्यांच्याजवळ अधिक पक्के असतात.