प्रतीक्षा हीसुद्धा सेवाच

परदेशी सेवाकार्यासाठी एक-दोन वर्षे देण्याचा संकल्प करणारे डॉक्टर, परिचारिका, शिक्षक आज मराठी घरांतूनही पुढे येतात. त्यांची खरी परीक्षा परदेशात पोहोचल्यावर सुरू होते, असा आपला समज असतो. वस्तुतः ती त्याआधीच सुरू झालेली असते. प्रशिक्षण संपते, नोकरीचा राजीनामा दिलेला असतो, आणि नियुक्तिपत्र मात्र येत नाही. परवाना, निधी, त्या देशातील परिस्थिती, काही ना काही अडते. आप्तेष्ट विचारतात, "अजून इथेच?" आणि संकल्पाची धार हळूहळू बोथट होते.

दूरदेशी जाणाऱ्यांच्या वाट्याला ही प्रतीक्षा पूर्वापार आली आहे. सिंहली परंपरेतील 'महावंस' सांगतो की, लंकेसाठी निवड झालेले महेंद्र तिथे तात्काळ गेले नाहीत. तेथील राजा वृद्ध होता. नवा राजा येईपर्यंत ते थांबले, आप्तांना भेटले, विदिशेस मातेजवळ राहिले. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १ सप्टेंबर १९३८ रोजी वैद्यकीय पथकासह मुंबईहून चीनला निघाले. येनानला पोहोचण्यास १९३९ चा फेब्रुवारी उजाडला. मधल्या काळात पथकाने वाटेतल्या रुग्णालयांत काम केले. चुंगकिंगमध्ये असतानाच कोटणीसांना पितृनिधनाची वार्ता कळली. ते परतले नाहीत. पुढे चिनी भाषा आत्मसात करून त्यांनी त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकविले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच देह ठेवला.

मग दोष केवळ तरुणांच्या अधीरतेचा का? नव्हे. संस्थांनीही आत्मपरीक्षण केले पाहिजे. त्यासाठी मावळातील भाज्याची लेणी पाहावीत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून कोरलेल्या या २२ लेण्यांतील विहारांत लहान खोल्या आणि दगडी ओटे आहेत; जवळच पाण्याची टाकी आहेत. सतत भ्रमण करणाऱ्या भिक्षूंसाठी पावसाळ्यात तीन महिने एका जागी राहण्याचा नियम होता. त्या थांबण्याला मुदत होती, निवारा होता, अध्ययन होते. शेवटी 'पवारणा' होई. प्रत्येक जण आपले दोष दाखविण्याची विनंती संघाला करी आणि मगच भिक्षू पुन्हा मार्गस्थ होत.

आपल्या संस्थांनी एवढे तरी करावे. प्रतीक्षेची कमाल मुदत आधीच सांगावी. ती लांबली तर कारण स्पष्टपणे कळवावे. त्या काळात नियोजित देशाची भाषा शिकवावी, जवळच्या आरोग्य केंद्रात वा आश्रमशाळेत काम द्यावे. घरच्यांनीही "कधी जाणार?" असे विचारण्याऐवजी "आज काय शिकलास?" असे विचारावे.

उत्साही माणसे मिळणे कठीण नाही. त्यांचा उत्साह निघण्याच्या दिवसापर्यंत टिकविणे कठीण आहे. ज्या संस्थेला आपला कार्यकर्ता थांबलेला असताना सांभाळता येत नाही, तिने त्याला परदेशी धाडण्याची घाई करू नये.