पुतळ्याची उंची आणि शिल्पकाराचा विचार

मालवणास राजकोट किल्ल्यावरील शिवछत्रपतींचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावृत झाला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. पुरते नऊ महिनेही तो टिकला नाही. तेथेच २०२५ साली दुसरा, पहिल्याहून बराच उंच पुतळा उभारण्यात आला. उंची वाढली, परंतु पुतळा कशाने उभा राहतो, याविषयीचा आमचा विचार वाढला काय?

या प्रश्नाचे उत्तर ज्यांस हवे असेल त्यांनी मालवणाहून उत्तरेस, रायगडच्या किनाऱ्यावरील सासवणे गावी जावे. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर १८९१ साली येथेच जन्मले. गावच्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेले अश्वारूढ शिवाजी महाराज कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडले आणि मुलगा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेला. भिंतीवरचा तो स्वार १९२८ साली पुण्यास ब्राँझमध्ये उभा राहिला! त्याची कोनशिला १९२१ साली प्रिन्स ऑफ वेल्सच्या हातची, अनावरण गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हातचे. राष्ट्रीय वृत्तीच्या माणसास हे बोचल्यावाचून राहत नाही. पण पुतळ्यासमोर उभे राहिले म्हणजे त्या दोघांचे स्मरणही होत नाही, हा करमरकरांचा विजय होय. सुमारे साडेतेरा फूट उंचीचे हे काम तुकडे जोडून नव्हे, तर एकसंध ओतलेले आहे. अशा ओतकामात एखादी चूक झाली की साऱ्या श्रमांवर पाणी पडते. ती जोखीम पत्करली म्हणूनच घोडा आणि स्वार एका जिवाचे भासतात, असे आम्हांस वाटते.

सासवण्याच्या त्यांच्या घरी, जेथे आता संग्रहालय आहे, सिमेंटची म्हैस आहे, कोळीण आहे. छत्रपतींचा घोडा घडविणाऱ्या हाताने गोठ्यातील जनावरही तितक्याच आदराने घडविले. आधी जवळचे नीट पाहावे, मग थोराकडे वळावे, हा क्रम त्या घरात फिरताना आपोआप उमगतो.

वकिलीच्या धंद्यात आम्ही करारनामे पुष्कळ चाळले. त्यांत मोजमाप, मुदत व रक्कम यांचा काथ्याकूट भरपूर असतो. पण मातीचा नमुना आधी लोकांपुढे ठेवावा आणि सांगाड्याची व ओतकामाची तपासणी त्रयस्थ जाणकाराकडून व्हावी, ही दोन कलमे प्रत्येक सार्वजनिक पुतळ्याच्या करारात सक्तीची झाली पाहिजेत. वर्गणीची वही पुढे आली की व्यापारी बंधूंनीही नमुना कोठे पाहावयास मिळेल, एवढे विचारावे. आणि पुतळा समितीच्या सभासदांनी पहिली सभा भरविण्यापूर्वी मांडव्यास उतरून सासवणे गाठावे व त्या म्हशीसमोर घटकाभर उभे राहावे.